महाराजांचा माघ

जैन बस्तीत भगवंतांचं दर्शन घेऊन नेमगोंडा बाहेर आला, एक चप्पल पायात सरकवली, आणि दुसरी पायानं चाचपताना त्याची नजर ओट्यावरच्या खांबाला अडकवलेल्या कॅलेंडरवर गेली. कॅलेंडर दिवाळीपासून तिथंच लटकत होतं. उत्तरेकडच्या कुठल्याशा संघानं छापून वाटलेलं, वर भगवंतांचा फोटो, खाली हिंदीत तिथ्या. आजच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं, माघ कृष्ण पंचमी. नेमगोंडानं ते वाचलं, चष्मा सारखा करून पुन्हा वाचलं. घरी स्वयंपाकघराच्या दाराआड जे कॅलेंडर होतं त्यात आज पौष वद्य पंचमी होती. तो सकाळीच बघून आला होता, कारण गेले दोन महिने उठल्या उठल्या त्याचं पहिलं काम तेच, माघ लागायला किती दिवस उरले ते मोजायचं. आज अकरा उरले होते. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं उसाचा रस तपासत बसलेला हा माणूस. दोन नमुन्यांचे आकडे जुळले नाहीत की काचेची नळी धुवायची आणि पुन्हा मोजायचं, एवढंच त्याला ठाऊक. इथं धुवायला काही नव्हतं. एक पाय गार फरशीवर आणि एक चपलेत असा तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग त्यानं आतल्या उपाध्यांना हाक मारली. उपाध्ये बाहेर आले, कॅलेंडरकडं बघितलं आणि अगदी सहज म्हणाले, "चुकीचं न्हाई काका ते. त्यांच्याकडं म्हयना पुनवंला संपतोय, आपल्याकडं अमुशाला. त्यांचा माघ लागून आज पाचवा दिवस हाय की." नेमगोंडानं विचारलं, त्यांचा म्हणजे आपल्या मुनिमहाराजांचापण का. महाराज तिकडचेच, बुंदेलखंडातले, तेव्हा त्यांचापण, असं म्हणून उपाध्ये गंध उगाळायला आत निघून गेले.

म्हणजे नियम सुटून चार दिवस उलटले होते आणि आपल्याला पत्ताच नव्हता. घराकडं चालता चालता नेमगोंडाला आधी हसूच आलं. मंगळवार पेठेतल्या त्या अरुंद गल्लीत माकडटोप्या घातलेली दोनतीन म्हातारी माणसं उन्हाचा पट्टा धरून उभी होती. त्यातल्या एकानं काय झालं म्हणून विचारलं तर त्यानं काही नाही असं खुणेनंच सांगितलं. नियमाची गोष्ट साधी होती. मागल्या वर्षी मार्गशीर्षात त्याच्या छातीत दुखलं, एक रक्तवाहिनी बंद निघाली, तिच्यात स्टेंट बसला. डॉक्टरांनी दहा महिने सायकल बंद केली आणि दसरा झाल्यावर परवानगी दिली, पण थंडीच्या सकाळी जपून म्हणाले, थंडीत रक्तवाहिन्या आकसतात. जपून या शब्दाला राजमतीच्या लेखी काही किंमत नव्हती. छत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला जपून काही करताना तिनं पाहिलेलं नव्हतं. तेव्हा चातुर्मासाला आलेले महाराज विहार करून पुढं जायच्या आदल्या दिवशी ती त्याला त्यांच्यासमोर घेऊन गेली. ओळीत बसलेली माणसं एकेक नियम घेत होती, कुणी वर्षभर गोड सोडत होतं, कुणी बटाटा, एका बाईंनी तर टीव्हीवरच्या मालिका सोडल्या. महाराजांनी याला विचारलं, सर्वांत आवडतं काय. नेमगोंडाच्या तोंडून खरं निघून गेलं, सायकल. महाराज हसले. कायमची नको सोडू म्हणाले, थंडीपुरती सोड, माघ लागला की चालव. आशीर्वादाची मोरपिसांची पिच्छी डोक्याला लागली आणि झालं. त्या वेळी कोणाचा माघ, हे विचारायचं ना नवऱ्याला सुचलं ना बायकोला. माघ म्हणजे माघ. आता विचारावं तर महाराज कर्नाटकात कुठंतरी पायी चाललेले असणार, आणि त्यांच्याजवळ फोन नसतो.

घरी सोप्यात सायकल होती. गोणपाटाच्या घडीवर पुढचं चाक, भिंतीला टेकलेला दांडा, वर जुन्या धोतराचं पांघरूण. निवृत्तीच्या वेळी बेंगळुरातल्या एका कारागिराकडून मापं देऊन बनवून घेतलेली, पोलादी फ्रेमची, गर्द हिरवी. पायाची लांबी, हाताची लांबी, खांद्याची रुंदी अशी मापं पाठवताना राजमतीनंच टेप धरली होती आणि लग्नात शेरवानीलासुद्धा एवढी मापं दिली नव्हतीत म्हणाली होती. खोकं उघडलं तेव्हा सायकलीला चामड्याची सीट निघाली. राजमती उंबऱ्यात उभी राहिली, चामडं घरात येणार नाही म्हणून, आणि नेमगोंडानं तिथंच पायरीवर बसून ती सीट काढली आणि शेजारच्या दुकानातून आणलेली रेक्झिनची बसवली. त्या दिवसापासून सायकल घरातलं माणूसच झाली. सून आदिती येताजाता पदर किंवा ओढणी सावरून तिच्या कडेनं जायची, मुलगा अभिनंदन मोटारसायकल बाहेर पावसात ठेवायचा आणि ही आत. कोल्हापूरची थंडी ती काय, असं नेमगोंडा नेहमी म्हणायचा, पण धुक्यातून फिरून आल्यावर प्रत्येक नळी, प्रत्येक स्क्रू कोरडा करून झाल्याशिवाय त्यानं कधी चहा घेतला नाही. आजही त्यानं धोतर बाजूला केलं, हॅण्डलवर हात ठेवला. लोखंड गार होतं. आता बसायचं आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. त्यानं धोतर परत टाकलं आणि आत जाऊन राजमतीला काहीही न सांगता पेपर वाचत बसला.

पेपर वाचता वाचता त्याला स्वतःचं नवल वाटायला लागलं. दोन महिने या माणसानं घरादाराला भंडावून सोडलं होतं. थंडी कधी संपते, माघ कधी लागतो, वडणग्याचा आकाराम एकटाच पन्हाळ्याला जाऊन आला, तिकडं गुऱ्हाळं सुरू झाली, सगळं चाललंय आणि आम्ही इथं. आणि आज दार उघडं आहे म्हटल्यावर हाच पेपरातल्या निविदा वाचतोय. त्यानं विचार करून बघितला की नियम कुणाच्या माघानं मोजायचा, देणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या. देणाऱ्याच्या म्हणावं, तर देणाऱ्याच्या मुलखात माघात म्हणे ओढ्याकाठच्या गवतावर बर्फ असतं, मग थंडीपुरती म्हणून त्यांनी माघच का सांगितला. कदाचित त्यांच्या मनात वसंतपंचमी असेल. घेणाऱ्याच्या म्हणावं, तर अजून अकरा दिवस. हा अकरा दिवसांचा आकडा मनात आला आणि नेमगोंडाला बरं वाटलं. बरं वाटलं हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो पेपर खाली ठेवून गॅलरीत गेला, जणू बरं का वाटलं ते तिथं लिहून ठेवलेलं असणार.

पुढचे तीन दिवस त्यानं थर्मामीटरवर काढले. कारखान्यातून निवृत्त होताना आणलेला एक जुना थर्मामीटर गॅलरीच्या गजाला बांधलेला होता. शुक्रवारी सकाळी सातला तेरा. पंधराच्या खाली नको, असं त्यानं ठरवलं. शनिवारी साडेपंधरा होतं, पण वारा होता, आणि वाऱ्यात साडेपंधरा म्हणजे अंगाला बारा लागतात. रविवारी वारा नव्हता आणि सोळा होतं. रविवारी रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची गर्दी असते, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि मग आठवलं की ट्रॉल्यांना रविवार नसतो, हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. गजाला धरून तो तिथंच उभा राहिला. खाली दूधवाला कॅन वाजवत गेला. आपण घाबरलोय, असं त्याच्या मनात आलं. ते इतकं सरळ आलं की आधी भीतीपेक्षा त्याचं कुतूहलच वाटलं, एखाद्या नमुन्यात नको तो रंग दिसावा तसं. कशाला घाबरलोय हे बघायला हवं. थंडीला? तर नाही. थंडीचं काही देणंघेणंच नव्हतं. हे फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि आकारामला.

छातीत दुखलं त्या दिवशी ते दोघं सायकलवर आंबा गावापर्यंत जाऊन परतत होते. आकाराम म्हणजे म्हशी पाळणारा गडी, पोराची गिअरची सायकल आणि पोराचंच हेल्मेट घालून याच्या मागं मागं यायचा. मलकापुरात चहाला थांबले तेव्हा नेमगोंडाच्या छातीत काहीतरी धरल्यासारखं झालं. डावा हात जड झाला, कपाळावर थंडगार घाम आला. पित्त असेल म्हणून त्यानं चहा अर्धा टाकला. आकारामनं तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, हितं माझ्या मामेभावाचं शेड हाय, सायकली टाकू आणि एसटीनं जाऊ. नेमगोंडानं शेड लांबूनच बघितलं. खताची पोती, पत्र्यातून गळलेलं पाणी, चारपाच पोरं खेळत होती. त्याला डोळ्यांपुढं दिसलं की ती पोरं हिरव्या सायकलवर टांगा टाकताहेत, फ्रेमला पोती घासताहेत. आणखी पाच किलोमीटर चालवून बघू, थांबलं नाही तर मग ठेवू, असं तो म्हणाला. पाचचे दहा झाले, दहाचे वीस झाले. चढ आला की उतरून चालायचं, उतार आला की बसायचं, आकाराम मागून शिव्या देत होता आणि शेवटी शेवटी शिव्याही द्यायचा थांबला. पंचेचाळीस किलोमीटर. घरी आल्यावर त्यानं छाती धरून आधी सायकल पुसली. मग राजमतीला हाक मारली. दवाखान्यात डॉक्टरांनी कसे आलात विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, टेम्पोत सायकली टाकून आलो. आकाराम शेजारीच उभा होता, त्यानं खाली मान घातली. डॉक्टर म्हणाले, लगेच थांबलात आणि टेम्पोनं आलात म्हणून वाचलात, थंडीनं झालं असणार. तेव्हापासून घरात सगळ्यांच्या तोंडी थंडी होती. नेमगोंडानंही तेच धरून ठेवलं. थंडी ही फार सोयीची गोष्ट होती. आणि आता गजाला धरून उभं असताना त्याला स्पष्ट कळलं की तो हृदयाला भीत नव्हता. पुन्हा रस्त्यावर काही झालं, तर आपण पुन्हा तसेच वागू का, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते कळून घ्यायला सायकलवर बसण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

त्या संध्याकाळी दिवस मावळायच्या आत दोघं जेवायला बसली. मुलगा आणि सून अजून यायची होती. राजमतीनं ताटात भाकरी वाढली आणि नेमगोंडानं ताटाकडं बघतच सांगून टाकलं, की महाराजांचा माघ लागून आठ दिवस झाले, असं उपाध्ये म्हणतात. कॅलेंडरची सगळी हकीकत सांगितली. ती नको म्हणेल, आपला माघ धरा म्हणेल, मग आपण थोडं कुरकुरू आणि मान्य करू, असा त्याचा हिशेब होता. राजमतीनं वाटीतली आमटी ढवळली.

"मग जावा की," ती म्हणाली.

नेमगोंडानं भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, थंडी हाय अजून.

"थंडीचं काय घेऊन बसलाईसा," राजमती म्हणाली, आणि त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही, चेष्टेनंही नाही. ते बघणं कसलं होतं हे त्याला कळेना. जेवण झाल्यावर आणि ताटं उचलल्यावरही तो त्याचाच विचार करत होता. छत्तीस वर्षं ज्या बाईच्या भुवईची प्रत्येक हालचाल पाठ आहे असं आपण समजतो, तिचं एक बघणं आपल्याला वाचता येत नाही, याची त्याला गंमत वाटली आणि थोडं अवघडल्यासारखंही झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मामीटर न बघता त्यानं सायकल खाली उतरवली. स्वेटर, मफलर, खिशात जिभेखाली ठेवायची गोळी. राजमती दारापर्यंत आली नाही, आतूनच कुकरचा आवाज येत होता. पहिल्या वळणाला पाय पेडलवरून घसरला, दुसऱ्या वळणाला शरीराला सगळं आठवलं. गावातली संभाजीनगरची वस्ती ओलांडून कळंब्याच्या रस्त्याला लागला तसा हातांना वारा बोचायला लागला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि नेमगोंडाला इतका आनंद झाला की तो मोठ्यानं काहीतरी बोलला, काय ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. जेलच्या लांब भिंतीपाशी हलका चढ आहे, तिथं त्यानं मुद्दाम हळू चालवली. तळ्यावर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता, काठावरची फिरायला आलेली माणसं धुक्यातून निघून परत धुक्यात जात होती. इथून मागं फिरायचं असं त्यानं ठरवलं होतं. पण रस्ता पुढं गेलेला दिसत होता, उसाच्या शेतांमधून, आणि तेरा महिन्यांनी माणूस बाहेर पडला होता. तो पुढं गेला. तळं मागं पडून दोनएक किलोमीटर झाले असतील, तेव्हा डाव्या बाजूला, कॉलरच्या हाडाखाली, एक बारीक कळ आली.

कळ बारीकच होती. मलकापूरसारखी नव्हती. हात जड नव्हता, घाम नव्हता. गार हवा छातीत गेल्यानंही असं होतं. खांदा आखडल्यानंही होतं. नेमगोंडा चालवत राहिला आणि आत लक्ष देत राहिला. कळ गेली, परत आली. वर्षभर बसून राहिलेल्या शरीराला दुखणारच, त्यात काय. आणखी एक किलोमीटर चालवून बघू, म्हणजे नक्की कळेल. हा विचार मनात पूर्ण झाला आणि त्याच क्षणी त्यानं तो ओळखला. अगदी हेच शब्द होते. पाच किलोमीटरच्या जागी एक होतं, एवढाच फरक. पाय अजून फिरत होते. रस्त्याच्या डाव्या अंगाला एक पत्र्याचा गोठा होता, पुढं उकिरडा, एक म्हातारी वासराला गूळपाणी पाजत होती. गोठ्याच्या आत अंधार होता, शेण होतं, मेखांना बांधलेल्या तीन म्हशी होत्या. नेमगोंडानं ब्रेक दाबला आणि उतरला.

"काय झालं पावणं? पंचर?" म्हातारीनं विचारलं.

"न्हाई मावशी," तो म्हणाला. "छातीत दुखाय लागलंय."

ते वाक्य त्यानं आजवर कुणापाशीच इतक्या सरळपणे उच्चारलं नव्हतं, दवाखान्यातसुद्धा नाही. म्हातारीचं नाव चिमणाबाई. तिनं वासरू सोडून दिलं, सुनेला बाज काढायला लावली, त्याला बसवलं, गोळी हाय काय विचारलं. त्यानं गोळी जिभेखाली ठेवली. सून रिक्षा बघायला रस्त्याला गेली. नेमगोंडानं चिमणाबाईला विचारलं, सायकल थोडे दिवस इथं राहिली तर चालेल का. तिनं सायकलीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. आत म्हशीपाशी लावावी लागेल, बाहेर ठेवली तर कोण नेईल, आत लावली तर शेण लागेल, असं तिनं सांगितलं.

"लागू दे," तो म्हणाला.

चिमणाबाईनं शेणानं भरलेल्या हातांनीच हॅण्डल धरलं आणि सायकल आत ढकलत नेली. पेडल म्हशीच्या मेखेला आपटलं तो आवाज त्याला ऐकू आला. तो उठला नाही. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि राजमतीला लावला. कळंब्याच्या पुढं आहे, बारीक दुखतंय, गोळी घेतलीय, रिक्षा बघतायत, असं त्यानं सांगितलं. पलीकडून कुकरची शिट्टी झाली आणि गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"सायकल?" राजमतीनं विचारलं.

"हितं एकांच्यात ठेवलीय. गोठ्यात."

राजमतीनं फार हळू आवाजात विचारलं.

"मलकापुरात का न्हाई ठेवलीसा?"

नेमगोंडा बाजेवर बसून राहिला. आकारामनं सांगितलं होतं तर. केव्हा, ते विचारायची गरज नव्हती; त्याच दिवशी, दवाखान्याच्या दारात, नाहीतर कधी. म्हणजे तेरा महिने ती हे घेऊन वावरत होती. त्याच्यापुढं भाकरी वाढताना, गोळ्यांच्या डब्या भरताना, सोप्यातल्या त्या सायकलीवरचं धोतर धुऊन परत घालताना, एकदाही तिनं विचारलं नव्हतं. त्याला सांगायचं होतं की फ्रेमला ओरखडा आला असता. हे शब्द त्याच्या तोंडात होते आणि ते उच्चारण्यासारखे नव्हते. त्याला रडू आलं, रस्त्याच्या कडेला, चिमणाबाईच्या देखत. फोनमध्ये राजमती अभिनंदनला मोटारसायकल काढायला सांगत होती, दवाखान्याचे कागद कपाटातून काढत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. जागचे हलू नका म्हणाली, आम्ही येतोय, आणि फोन बंद करू नका. त्यानं बरं म्हटलं आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.